घरच्यासारखी

मीटरचा आकडा घ्यायला आलेल्या माणसानं जे विचारलं ते मराठीत विचारलं असतं, किंवा कानडीत, तर राजूबाईनं काहीतरी उत्तर दिलं असतं आणि ती आत वळली असती. पण त्यानं विचारलं ते गुलबर्ग्याच्या दखनीत. पोर्चच्या लोखंडी जाळीपाशी तो उभा होता, गळ्यात बिल काढायचं यंत्र, मानेवर घामानं भिजलेला रुमाल. मीटर जाळीच्या आत, भिंतीवर. "दरवाजा खोलो अम्मा," तो म्हणाला. राजूबाई पदराला हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, चावी नाही. त्यानं जाळीला लटकलेल्या कुलपाकडं बघितलं. ते बाहेरच्या अंगाला होतं, त्याच्या बाजूला. मग त्यानं तिच्याकडं बघितलं. "तुमकू अंदर डालके ताला मारके गए क्या लोगां?" त्याच्या आवाजात दया नव्हती, रागही नव्हता. नुसतं नवल होतं आणि त्या नवलाच्या कडेला थोडंसं हसू. राजूबाईनं मीटरजवळ जाऊन आकडे वाचून दाखवले. यंत्रातून सरसरत निघालेला कागद त्यानं जाळीतून आत सरकवला, फाटक ओढून घेतलं आणि तो शेजारच्या घराकडं गेला.

अंदर डालके. त्याला म्हणायचं होतं, आत ठेवून. एवढी दखनी तिला कळत होती. पण तिच्या कानाला तो शब्द माहेरचा, मंठाळचा होऊन लागला. मंठाळला दिवस कलला की तिची आई, सत्यभामाबाई, अंगणभर फिरणाऱ्या कोंबड्या एकेक धरायची आणि पालथ्या पाटीखाली डालायची. पाटीवर दगड. पाटीखाली थोडा वेळ फडफड व्हायची, मग कुईकुई, मग काहीच नाही. आई म्हणायची, मांजरापासून जपावं लागतं. राजूबाई बिलाचा कागद हातात धरून पोर्चमध्ये उभी राहिली. ऊन शहाबादी फरशीवर पसरलं होतं आणि फरशी तळपायाला भाजत होती, तरी तिला हलावंसं वाटेना. या घरात त्या गोष्टीला वेगळा शब्द होता. सेफ्टी. मालकीणबाई हेमावतीअक्कांनी पहिल्यांदा कुलूप लावलं तेव्हा किती मायेनं सांगितलं होतं, "राजू, दिवस चांगले न्हाईत. अव्वा पडून असतात, तू एकटी बाईमाणूस. बाहेरनं कुलूप दिसलं की कुणी बेलच दाबत न्हाई बघ." आपल्याला काही होईल याची कुणाला तरी काळजी वाटते, याचंच तिला तेव्हा अप्रूप वाटलं होतं. नंतर कुलूप लावलं जायचं आणि तिच्या ध्यानातही यायचं नाही. कुलपाचा आवाज झाला की ती पंखा वाढवायची, एवढंच.

आत अव्वांनी हाक मारली. "यारु बंदारं?" कोण आलंय. चन्नव्वा त्यांचं नाव, पण घरात सगळे अव्वाच म्हणत. अक्कांचे यजमान राजशेखरअण्णा, त्यांची आई. अर्धं अंग गेल्यापासून खिडकीजवळच्या खाटेवर पडून असायच्या. एके काळी घरच्या डाळीच्या मिलमधल्या बायका त्यांच्या सावलीला भ्यायच्या, असं म्हणत. आता चमच्यानं पाणी पाजावं लागे आणि दर थोड्या वेळानं कूस बदलून द्यावी लागे, नाहीतर पाठीला जखमा व्हायच्या. "मीटरवाला होता," राजूबाई म्हणाली. अव्वांचं माहेर भालकीकडचं, त्यामुळं राजूबाईशी त्या मराठीत बोलत. जीभ जड झालेली, शब्द ओठांच्या एका कोपऱ्यातून यायचे. "काय म्हणला?" "काय न्हाई." राजूबाईनं त्यांच्या खांद्याखाली हात घातला आणि त्यांना भिंतीकडं वळवलं. ते वळवताना तिला वाटलं, हिलाही डाललंय. आणि लगेच तिला तो विचार नकोसा झाला, कारण तो विचार खरा धरला तर मग आजचं सगळंच उलटं होत होतं.

आज अण्णा आणि अक्का बसवकल्याणला लग्नाला गेले होते, आणि परत येताना मंठाळवरून विजयश्रीला गाडीत घालून आणणार होते. तिच्या पोरीला. ठरलं होतं सगळं. राजूबाईनंच हो म्हटलं होतं, नुसतं हो नव्हे, डोळ्यांत पाणी आणून. "इथं शाळंत घालू," अक्का म्हणाल्या होत्या, "तुझ्याजवळ राहील, अव्वांना जरा हातभार. पोरगी हुशार हाय, गावात कामून कुजवायलीस?" ते पटण्यासारखंच होतं. आईचं वय झालेलं, पोर वाढत चाललेली, मंठाळची शाळा दहावीपर्यंत. पण सकाळी गाडीत बसताना, दार अर्धं ओढलेलं असताना, अक्का अण्णांना कानडीत काही म्हणाल्या होत्या. पुढं नागरत्नाला उपयोग होईल. नागरत्ना त्यांची बेंगळुरात दिलेली लेक, तिला दिवस गेलेले. राजूबाई तेव्हा प्रवासाची पाण्याची बाटली आत देत होती. उपयोग, हा शब्द कानडीतही उपयोगच. तो तिनं ऐकला होता, बाटलीबरोबर आत दिला होता आणि गाडी गेल्यावर भांडी घासायला घेतली होती. आता तो बाहेर आला. गुलबर्ग्यातून मंठाळला निघालं तर माणूस सांजेपर्यंत पोचतं. बेंगळुरातून कसं पोचायचं? कोण तिथं जाऊन बघणार, की पोरीला शाळेत घातलंय का बाळाच्या पाळण्याला बांधलंय?

ती स्वयंपाकघरात गेली. परत पुढं आली. सोफ्यावर बसली आणि उठली. एरवी अशा दुपारी तिच्या आवडत्या असायच्या. सगळे बाहेर, अव्वांचा डोळा लागलेला, आणि एवढं मोठं गारगार घर तिच्या एकटीचं. ती अक्कांच्या आरशासमोर उभी राहायची, केस सोडून पुन्हा बांधायची. सोफ्यावर पाय वर घेऊन बसायची. याच सोफ्यावर बसून ती विजयश्रीला व्हिडिओवर घर दाखवायची: हे फ्रीज, हे कपडे धुवायचं मशीन, ही माडी. "सगळं घर माझ्याच हातात हाय बघ विजू," ती म्हणायची, "तेल कुठं, तांदूळ कुठं, अक्काला बी ठाऊक न्हाई." ते खोटं नव्हतं. तिला खरंच तसं वाटायचं. मंठाळला भावकीतल्या बायका सत्यभामाबाईला म्हणायच्या, तुझी लेक नवऱ्याला सोडून गेली पण पायावर उभी राहिली. आणि सत्यभामाबाई तोंडभर म्हणायची, व्हय, तिच्या हातात घराच्या किल्ल्या असतात. हे किल्ल्यांचं राजूबाईनं कधी सांगितलं नव्हतं. आईनं आपल्या मनानं लावलं होतं. पण तिनं ते कधी खोडलंही नव्हतं.

नवऱ्याला सोडलं त्याला बरीच वर्षं झाली होती. त्याची आठवण काढायची तर त्याचा चेहरा येत नसे, हात यायचा. सावकाश, आवाज न करता कडी लावणारा हात. राम त्याचं नाव. भालकीकडं कारखान्याला उसाचा ट्रॅक्टर चालवायचा, दारूला शिवत नव्हता, मारहाण नाही, शिवी नाही. येताना शेवंतीची वेणी आणायचा. फक्त जाताना बाहेरून कडी लावून कुलूप घालायचा. कारखाना चालू असला की रात्रीचा दिवस, दिवसाची रात्र, आणि राजूबाई त्या एका खोलीत मांडीवर पोर घेऊन. पोर रडायची, बाहेर जायचं म्हणायची. एकदा ती दाराच्या फटीत बोटं घालून बसली होती, बोटं लाल होईपर्यंत. शेजारणी खिडकीतून ताक द्यायच्या आणि म्हणायच्या, जीव लावतो गं बाई तुला. एका सकाळी तो आत अंघोळ करत होता आणि दार उघडं होतं, तेव्हा ती पोरीला कडेवर घेऊन निघाली, पायांत चप्पल न घालता. भांडण झालंच नव्हतं, त्यामुळं मिटवायलाही कुणाला काही सापडलं नाही. पुढं पोरीला आईजवळ ठेवून ती एकटी बसवकल्याणच्या स्टँडवर गुलबर्ग्याच्या गाडीत बसली. खिडकीची जागा, स्वतःच्या हातानं काढलेलं तिकीट. गाडी हुमनाबादच्या पुढं लागली तेव्हा तिला एकदम हसू फुटलं होतं. शेजारच्या बाईनं विचारलं, काय झालं? तिला सांगता आलं नव्हतं. कुणालाच ठाऊक नव्हतं या घडीला आपण कुठे आहोत. एवढंच होतं ते. आणि ते हसू घेऊन ती या घरात शिरली होती. इथं तिला खोली मिळाली, जिन्याखाली का होईना, पंखा असलेली. दोन वेळा पोटभर जेवण. कुणी हात लावला नाही, कुणी वाईट बोललं नाही. पगार महिन्याला न चुकता अण्णा थेट सत्यभामाबाईकडं पाठवत; राजूबाईच्या हातात येत नसे, पण तिला लागत तरी काय होतं? पाहुण्यांसमोर अक्का म्हणायच्या, आमच्या घरच्यासारखीच आहे ती. मग हे दोन्ही एकच कसं? रामचं कुलूप आणि अक्कांचं कुलूप? ती स्वतःला म्हणाली, एक नाही. तिथं मी बायको होते, इथं नोकरी आहे. नोकरी सोडता येते. कशी सोडतेस? ती पोर्चमध्ये गेली आणि कुणी बघत नसताना तिनं जाळीला हात घालून कुलूप ओढून बघितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तापलेल्या लोखंडानं बोटं पोळली.

मग ती आत येऊन अव्वांच्या खाटेच्या पायथ्याशी खाली बसली आणि तिनं फोन लावला.

फोन विजयश्रीनंच उचलला. "आई! मी तयार होऊन बसलेय. मेंदी बी काढलेय. आजी म्हनायली, एवढी पिशवी कशाला, पर मी सगळी पुस्तकं घेतलीत."

"विजू, ऐक. तू आज येऊ नको."

"कामून?"

"ऊन लई हाय इकडं. शाळा सुरू व्हायला येळ हाय. मागनं बघू."

"ऊन इकडं बी हाय. तू कालच म्हणलीस की ये म्हनून." पोरीचा आवाज बारीक झाला. "अक्कांनी नको म्हनलं का?"

"न्हाई गं. ते निघतील आता तिकडनं."

"मग तू नको म्हनायलीस." थोडा वेळ नुसता पंख्याचा आवाज, तिकडचा की इकडचा कळेना. "तू गेलीस की आजीला सोडून. मला सोडून. तुला कुणी अडवलं का? मी कामून न्हाई यायचं? हितं काय हाय? तिकडं तू राणीवानी राहायलीस अन् मला—"

राजूबाईनं डोळे मिटले. आणखी एखादं कारण तिच्या तोंडात तयार होतं: अव्वांची तब्येत, जागा नाही, काहीही. तेवढ्यानं आजचा दिवस निभावला असता. उद्या पोरीनं पुन्हा विचारलं असतं. आणि पोरीला खरं सांगितलं तर मंठाळच्या ओट्यावर बसून आई जी राजूबाई सगळ्यांना सांगते, ती राजूबाई आजपासून संपणार होती. तिला त्या बाईचा मोह होता. ती बाई तिनं अशा कितीतरी दुपारी बसून घडवली होती.

"विजू," ती म्हणाली, "मी आता कुलपात हाय."

"कसल्या कुलपात?"

"घराच्या. ते भाईर गेलेत, जाताना भाईरनं कुलूप लावून गेलेत. नेहमी लावतात."

"चुकून?"

"न्हाई."

पलीकडं काही हललं, बहुतेक बांगड्या. मग पोरीनं विचारलं, आणि ते ती इतक्या सपाट आवाजात बोलली की राजूबाईला आधी वाटलं दुसरंच कुणी बोलतंय: "बाबा लावायचे तसं?"

राजूबाईला वाटायचं तिला आठवत नसेल. एवढीशी होती. कधी त्यावर बोलणं झालं नव्हतं, कधी पोरीनं बापाचं नाव काढलं नव्हतं. "व्हय," ती म्हणाली. "तसंच." आणि मग तिला रडू येईल असं वाटलं होतं ते आलं नाही. उलट पाठीचा कणा सरळ झाला. "पर ह्यांच्यात मी स्वतः चालत आले. ते मला आज कळायलंय. तू नको येऊ. ते तुला हितं ठेवणार न्हाईत, बेंगळूरला धाडतील नागरत्नाच्या बाळंतपणाला. तुला शिकायचं हाय का न्हाई?"

"हाय."

"मग आजीला फोन दे."

सत्यभामाबाई फोनवर आली ती घाबरूनच. शेजारीण बसली असावी, कारण ती दबक्या आवाजात बोलत होती. "अगं, काय करायलीस? मी शेंगाच्या पोळ्या केल्यात त्यान्ला. गाडी दारात येऊन उभी राहिली की मी काय सांगू?"

"सांग, पोरगी येत न्हाई."

"अन् तुझी नोकरी? मालक हाय, चांगला मानूस हाय. पैसे कधी चुकवलेत का त्यानं?"

"आई, चांगलाच हाय. पोळ्या दे त्यान्ला. पोरगी देऊ नको."

फोन ठेवल्यावर घर इतकं शांत झालं की अव्वांचा श्वास मोजता आला असता. त्या भिंतीकडं तोंड करून होत्या. राजूबाईला वाटलं झोपल्यात. मग त्या भिंतीशीच बोलल्या. "समदं ऐकलं मी."

राजूबाई सरकून त्यांच्या उशाशी गेली.

"मला बी म्हाईत न्हाई व्हतं," अव्वा म्हणाल्या. शब्द एकेक, घासत येत होते. "कुलूप लावतात ते. हिकडनं दिसत न्हाई." राजूबाईनं त्यांना आपल्याकडं वळवलं. त्यांचा एक डोळा ओला होता, पण तो नेहमीच ओला असायचा, त्यावरून काही ठरवता येत नसे. "तू जानार," त्या म्हणाल्या. "जावं बी. पर माझं कोन करंल?" आणि चांगल्या हातानं त्यांनी राजूबाईच्या मनगटाला धरलं. त्या हातात अजून जोर होता. ती पकड मायेची आहे की मालकिणीची हे राजूबाईला कळेना. सोडवून घ्यावं की असू द्यावं, तेही कळेना. ती तशीच बसून राहिली. मनगटाला मुंग्या आल्या. पिण्याच्या पाण्याची वेळ झाली तेव्हा तिनं तो हात हळूच खाटेवर ठेवला आणि पाणी आणायला उठली.

गाडी दिवस मावळायच्या आधी आली. कुलूप निघालं, जाळी करकरत बाजूला झाली, आणि हेमावतीअक्का लग्नाची भारी साडी सावरत आत आल्या. त्यांनी चप्पलही काढली नाही. "काय गं हे राजू? तुझ्या आईच्या दारात आमची शोभा झाली. समदी आळी बघायली व्हती. पोरगी तोंड बी दाखवायली न्हाई, आतनं कडी लावून बसली." आतून, राजूबाईच्या मनात आलं, आतून लावली म्हणायची. "मी तिच्यासाठी ड्रेस घेतला व्हता बसवकल्याणला." ते खरं होतं. प्लास्टिकच्या पिशवीतून निळं कापड दिसत होतं. अक्कांना खरोखर लागलं होतं. त्यांचं नाक लाल झालं होतं, आणि ते बघून राजूबाईला वाईट वाटलं. हेच अवघड होतं. वाईट माणसं असती तर केव्हाच सोपं झालं असतं.

"अक्का, पोरगी तिकडंच शिकंल."

"शिकू दे. चांगलंच करायलो व्हतो ना आम्ही?"

"अन् मी बी राहायची न्हाई आता. सकाळी येईन, अव्वांचं समदं करीन, सांजच्याला जाईन. पगार माझ्या हातात द्या. अन् मी घरात असताना कुलूप लावायचं न्हाई."

राजशेखरअण्णा सोफ्यावर बसून बूट काढत होते, ते थांबले. घरातलं बोलणं ते अक्कांवर सोपवत. "कुलूप तुझ्यासाठी लावतो का आम्ही?" ते शांतपणे म्हणाले. "घरात समदं सामान हाय, आई हाय. उद्या काही झालं तर?" बोलून झाल्यावर त्यांनाच ते ऐकू आलं असावं, कारण ते बुटाच्या नाडीकडं बघू लागले. अक्कांनी त्यांच्याकडं बघितलं आणि मग राजूबाईकडं. इतक्या वर्षांत सेफ्टी हा शब्द जिथं उभा होता तिथं आता काहीच नव्हतं.

"मग जा," अक्का म्हणाल्या. "सकाळी येऊन सांजच्याला जानारी बाई आम्हाला चालत न्हाई. रातीला अव्वांना कोन बघंल? घरच्यासारखं ठेवलं, त्याचं हे."

"घरच्यासारखंच ठेवलं अक्का," राजूबाई म्हणाली. टोमणा मारायचा म्हणून नव्हे. तिला तेवढंच सुचलं.

सकाळी तिनं अव्वांना अंघोळ घातली, पाठीला पावडर लावली, कूस बदलून दिली. अव्वांनी डोळे उघडले नाहीत. अक्का स्वयंपाकघरात भांडी आपटत होत्या. राजूबाई बोचकं बांधून निघाली तेव्हा त्यांनी निळ्या ड्रेसची पिशवी पुढं केली, न बघता. राजूबाईनं ती घ्यावी की न घ्यावी हा विचार करायला वेळ घेतला आणि मग घेतली. ड्रेस पोरीच्या अंगाचा होता, दुसऱ्या कुणाला आला नसता.

फाटकाबाहेर आल्यावर तिला कळलं की आपल्याला हे शहर माहीतच नाही. भाजीची गाडी दारात यायची, औषधं दारात यायची, देवळात अक्का गाडीतून न्यायच्या. डावीकडं गेलं की मुख्य रस्ता लागतो एवढं आवाजावरून ठाऊक होतं. स्टँड कुठं असेल? आणि स्टँडवर जायचं का? मंठाळला आई म्हणेल चार दिवस राहा, आणि ते चार दिवस सरायचे नाहीत. राम अजून भालकीलाच असतो, त्यालाही कळेल. ती चालू लागली. पाय घाईनं पडत होते, कुणी मागं लागल्यासारखे, आणि कुणीच मागं नव्हतं. गल्ल्या सगळ्या सारख्या: जाळ्या, कुंड्या, झाकलेल्या गाड्या. प्रत्येक जाळी आली की तिची नजर कुलपावर जायची, आत आहे की बाहेर. एका वळणावर आपण याच घरावरून मघाशी गेलो की काय असं तिला वाटलं आणि घाम फुटला.

एका दारात तिच्याच वयाची एक बाई सडा टाकून झाडू आपटत होती, पदर कमरेला खोचलेला. आपल्यासारखीच कामाची, हे चपलांवरून कळलं. चपला फाटकाच्या बाहेर काढून ठेवल्या होत्या. राजूबाई थांबली. "अक्का, हिकडं कुठं काम मिळंल का?"

बाईनं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं, बोचकं पाहिलं, निळी पिशवी पाहिली. मंठाळची बोली ओळखली असावी, कारण ती मराठीतच म्हणाली, "पुढच्या गल्लीत एका म्हाताऱ्या मास्तरांना बाई पायजे. राहून करनार का येऊन-जाऊन?"

"येऊन-जाऊन," राजूबाई इतक्या मोठ्यानं म्हणाली की समोरच्या घराच्या खिडकीत कुणीतरी डोकावलं.

बाई हसली. "व्हय व्हय, ओरडायलीस कामून? सांगते त्यान्ला." तिनं झाडू भिंतीला टेकवला आणि हात झटकले. "अन् राहायलीस कुठं तू?"

राजूबाईनं बोचकं या हातातून त्या हातात घेतलं.

"ते बघायलेय," ती म्हणाली.